इस्त्री लावू नका

पंखा फिरतोय. दिवाही लागलाय,
लाल, बोर्डाच्या उजव्या कानाशी.
पडदा मात्र काळा.
पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच:
घसा खाकरून माणसाने बोलूच नये, तसं.

रॅम काढली, फुंकली, एकच पट्टी बसवली,
मग दुसऱ्या खाचेत बसवली.
शंभर फिल्सच्या नाण्याने बटणसेल उचकटला
आणि पाच मिनिटं थांबलो, म्हणजे
गुदैबियातल्या आमच्या खिडकीशी उभं राहून
वरच्या एसीचं ठिबकणं मोजलं. एकशे बारा थेंब.
सेल परत आत. काळा.

प्रोसेसर नवा, म्हणजे मला नवा,
हुर्झुकांच्या दुकानातून अठ्ठावीस दिनारला.
"चालेल," म्हणाले होते हुर्झुक,
"नाही चालला तर आधी बोर्डाला विचार,
मग माझ्याकडे ये."

बोर्डाला विचारलं. मोबाईलवर तक्ता, मुंगीएवढी अक्षरं.
बोर्डातलं बायॉस सहा वर्षांपूर्वीचं,
आणि हा गडी जन्मला त्यानंतर.
यादीत याचं नावच नाही.
फाटकावरच्या माणसाचा दोष नसतो,
त्याच्या हातात कालचा कागद असतो.
सित्र्याला मी तसा तीन तास उभा होतो एकदा,
हेल्मेट काखेत.

उपाय सोपा आहे: नवं बायॉस भरा.
भरायचं तर मशीन सुरू हवं,
सुरू व्हायचं तर जुना प्रोसेसर हवा,
आणि जुना मी गेल्या शुक्रवारी विकला,
चार दिनारला, तिसऱ्या मजल्यावरच्या बिनॉयला.

रात्री साडेदहा.
"अर्ध्या तासासाठी," मी दारातच म्हणालो.
त्याने आत पाहिलं, मुलगी गृहपाठ करत होती त्यावरच.
"मोळे, वही घे," एवढंच बोलला,
आणि स्क्रू काढायला बसला.
खाली आणला तो साबणाच्या डबीतून,
दोन्ही हातांनी, जिन्याला न टेकता.

आता आमची खोली: माणसं पाच, ब्रेकर एक,
त्यावर एसी, फ्रिज, किटली, इस्त्री.
मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका.
एसी बंद केला. जुलै आत आला.
श्रीरंग गुरवला पहाटे चारची ड्यूटी,
शर्ट गादीवर पसरलेला, पिन सॉकेटपासून वीतभर.
"इस्त्री लावू नका!" मी ओरडलो,
एरवी त्याला अरेतुरे करणारा मी.

पट्टी सरकू लागली. अकरा टक्के. बारा.
तेक बहादूर पुठ्ठ्याने वारा घालत होता,
आम्हाला नाही, बोर्डाला.
चाळीस. पंचावन्न.
त्रेसष्टवर थांबली.

थांबलीच.

"बघू नका रे तिच्याकडे," मुबीन पारकर म्हणाला,
"लाजते ती."
आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो,
बनियनवर, घामाने निथळत,
शिक्षा झाल्यासारखे.
फ्रिजने एकदा हुंदका दिला. कोणी श्वास घेतला नाही.
मग तेक बहादूरच हळूच म्हणाला,
"चौसट्ठी."

जुना काढला, नवा बसवला.
मुदत संपलेल्या सीपीआर कार्डाने पेस्ट पसरली;
त्या कार्डावरच्या मला भरपूर केस होते.
बटण.
काळ्यावर पांढरं नाव उमटलं, आकड्यासकट,
एकही अक्षर न चुकता.
माझं नाव इतकं बरोबर
इथल्या कुठल्याच कागदावर नाही.
घड्याळ अजून सहा वर्षं मागे होतं.
ते सकाळी बघू.

"लावू आता?" श्रीरंगने विचारलं.
लाव बाबा.
एसी, किटली, इस्त्री, सगळं एकदम
आणि खट्.

अंधारात पहिला हसला तो श्रीरंगच.
दार उघडं होतं. बिनॉय वर निघाला होता,
मोबाईलचा उजेड पायऱ्यांवर.
मधल्या वळणावर तो थांबला,
डबी उघडली, उजेड आत धरला,
पिनांच्या रांगा तिरक्या डोळ्याने तपासल्या,
एक वाकली नव्हती,
डबी मिटली,
आणि वर गेला.